पैसा नव्हे, खातं हलवा

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून हदगावला असताना 2012 मध्ये पोस्टात पीपीएफ काढलं. 2022 मध्ये अर्धापूरकडे बदली झाली, बिऱ्हाड नांदेडला आलं आणि खातंही इकडे बँकेत आणायचं ठरवलं.

निम्मी रक्कम पोस्टात राहू द्यावी, निम्मी बँकेत न्यावी, असा माझा विचार होता. पण पीपीएफची वाटणी होत नाही. बदली होते ती अख्ख्या खात्याची. नात्यातले एक भाऊजी म्हणाले, "मग बँकेत दुसरं काढ की!" तेही चालत नाही. एका माणसाला एकच खातं. ज्यांनी दोन काढली, त्यांच्यासाठी 1 ऑक्टोबर 2024 पासून नियम स्पष्ट झाले आहेत. एक खातं मुख्य ठरवायचं, दुसऱ्यातली रक्कम वार्षिक मर्यादेत बसेल तेवढीच त्यात मिळवायची, उरलेली बिनव्याजी परत. तिसरं असेल तर त्याला सुरुवातीपासून शून्य व्याज.

म्हणून रीतसर बदलीचा अर्ज दिला. पोस्टाने रक्कम माझ्या हाती न देता बँकेच्या नावे चेकने पाठवली. नवं पासबुक आलं, त्यात रक्कम बरोबर होती. पण खातं उघडल्याची तारीख 2022 ची! जुन्या खात्याची मुदत 31 मार्च 2028 ला संपणार होती, नव्या नोंदीप्रमाणे ती थेट 2038 वर गेली. अडीनडीला रक्कम काढण्याची सोयही पुन्हा पाच वर्षं लांबली. शाखेतल्या साहेबांचं उत्तर एकच, "मॅडम, सिस्टीम अशीच घेते." मी जुन्या पासबुकाची झेरॉक्स जपून ठेवली होती. ती जोडून लेखी अर्ज दिला, त्यावर पोच घेतली आणि पाठपुरावा केला, तेव्हा कुठे मूळ तारीख लागली.

तुम्हाला खातं हलवायचं असेल तर एवढं सांभाळा.

मार्चच्या गर्दीत बदली मागू नका. वर्षाची रक्कम 5 एप्रिलच्या आत भरा आणि मगच अर्ज द्या. व्याज धरतात ते 5 तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर, त्यामुळे 6 तारखेला भरलेल्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. खातं वाटेत असताना भरणा अडकतो, हेही ध्यानात असू द्या.

पासबुक जमा करण्याआधी प्रत्येक पानाची झेरॉक्स काढा. पोस्टाकडून चेकसोबत खातेउताऱ्याची प्रमाणित प्रत, मूळ अर्ज, वारसनोंद आणि सहीचा नमुना गेला का, ते विचारा. बँकेत नवा फॉर्म आणि केवायसी द्यावीच लागते, पण त्याने खातं नवं होत नाही.

पैसे विभागून ठेवायचेच असतील तर घरात विभागा. नवरा आणि बायको दोघांची स्वतंत्र खाती, प्रत्येकाची मर्यादा वर्षाला दीड लाख. लेकराच्या नावे पालक म्हणून भराल ती रक्कम मात्र तुमच्याच दीड लाखात धरली जाते. जोडखातं पीपीएफमध्ये नाही.

मुदत संपल्यावर वाट मोकळी होते. पुढे भरणा करायचा नसेल तर खातं तसंच ठेवून वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. भरणा चालू ठेवायचा असेल तर वर्षाच्या आत पाच वर्षांच्या मुदतवाढीचा फॉर्म द्या. तो न देता भरलेल्या पैशाला व्याज नाही.

तोवर कुणी म्हणालं, "खातं मोडा, रक्कम घ्या, तिकडे नवीन काढा," तर ऐकू नका. आजारपण, उच्च शिक्षण अशा मोजक्या कारणांसाठीच पाच वर्षांनंतर खातं मुदतीआधी बंद होतं, आणि तेव्हा व्याज एक टक्क्याने कापलं जातं. शिवाय तिकडच्या नव्या खात्यात वर्षाला दीड लाखापेक्षा जास्त शिरत नाही. बाकीची रक्कम साध्या ठेवीत जाते आणि तिचं व्याज करपात्र ठरतं. करमाफी आणि गेलेली वर्षं जुन्या खात्यासोबतच चालत येतात.