परदेश प्रवास आणि भ्रमणध्वनीचा खर्च

पूर्वी परदेश प्रवास हा उद्योजक, उच्चाधिकारी आणि संशोधक यांच्यापुरताच मर्यादित समजला जात असे. आज जर्मनीत शिकणाऱ्या मुलाला भेटण्यासाठी तालुक्याच्या गावातील आईवडीलही विमानात बसतात. शिक्षक अभ्यासदौऱ्यावर जातात, तर अधिकारी प्रशिक्षणासाठी. या सर्वांच्या खिशात भ्रमणध्वनी असतोच. प्रवासाची बारीकसारीक तयारी करणारी मंडळी या एका वस्तूकडे मात्र दुर्लक्ष करतात आणि परतल्यावर हाती पडलेले देयक पाहून चकित होतात. हा खर्च टाळणे अवघड नाही. मात्र तो कसा निर्माण होतो, हे आधी समजून घ्यावयास हवे.

खर्च का वाढतो?

भारतीय सिमकार्ड असलेला फोन परदेशात सुरू केला, की तो तेथील एखाद्या कंपनीच्या मनोऱ्याशी जोडला जातो. ती कंपनी भारतातील कंपनीकडे विचारणा करते आणि ग्राहकाची खात्री पटल्यावर सेवा देते. या व्यवस्थेस रोमिंग म्हणतात. परकी कंपनी आपल्या सेवेचे घाऊक मूल्य भारतीय कंपनीकडून वसूल करते आणि भारतीय कंपनी ते ग्राहकाकडून घेते. अशा रीतीने एका संभाषणामागे दोन कंपन्यांचा हिशेब असतो.

भारतात येणारा कॉल घेण्यास पैसे पडत नाहीत. रोमिंगमध्ये मात्र बहुधा पडतात, कारण तो कॉल भारतातून परदेशापर्यंत वाहून न्यावा लागतो. डेटाच्या बाबतीत धोका अधिक आहे. फोन खिशात असतानाही छायाचित्रांची साठवण, ॲपचे अद्ययावतीकरण आणि चित्रफितींची उतरवणी पार्श्वभूमीत चालूच असते. समजा, पॅक न घेता १ एमबीला १०० रुपये आकार पडला आणि प्रत्येकी ३ एमबीची २० छायाचित्रे आपोआप पाठविली गेली, तर ६० एमबीचे ६,००० रुपये होतात. प्रवाशाने मात्र एकही कॉल केलेला नसतो.

युरोपचे उदाहरण

हा प्रश्न केवळ भारतीयांचा नव्हे. युरोपातील देश लहान असल्याने दोन तासांच्या प्रवासात सीमा ओलांडली जाते आणि तेथील नागरिकांनाही पूर्वी अशीच भरमसाट देयके येत. युरोपीय संघाने २००७ मध्ये रोमिंग कॉलच्या दरांवर कमाल मर्यादा घातली. ती टप्प्याटप्प्याने खाली आणून १५ जून २०१७ पासून संघातील रोमिंगचा अधिभारच रद्द केला. २०२२ मध्ये ही तरतूद आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. म्हणजेच फ्रान्समध्ये घेतलेले सिमकार्ड जर्मनीत वा इटलीत साधारणपणे घरच्याच दराने चालते. डेटाच्या वापरास मात्र काही वाजवी मर्यादा असू शकते.

येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. एक, ही सवलत तेथील सिमकार्डांना आहे, भारतीय सिमकार्डास नाही. दुसरी, स्वित्झर्लंड हा युरोपीय संघाचा सभासद नाही. महाराष्ट्रातून निघणाऱ्या युरोप सहलींत हा देश हमखास असतो आणि गफलत नेमकी तेथेच होते. सीमेलगतच्या जर्मन गावात उभे असतानाही फोन पलीकडचा स्विस मनोरा पकडू शकतो. अशा ठिकाणी नेटवर्कची निवड स्वतः करावी किंवा डेटा बंद ठेवावा. ब्रिटनही संघातून बाहेर पडल्यामुळे तेथे ही हमी लागू नाही.

तीन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक. चार-आठ दिवसांच्या प्रवासासाठी तो सोयीचा असतो, कारण क्रमांक तोच राहतो. पॅक कोणकोणत्या देशांत चालतो आणि त्याची मुदत केव्हापासून मोजली जाते, हे आधी विचारून घ्यावे. विमानातील व जहाजावरील उपग्रह सेवा बहुधा अशा पॅकमध्ये नसते आणि ती अतिशय महाग असते.

दुसरा मार्ग म्हणजे तेथील प्रीपेड सिमकार्ड. महिना-दोन महिने राहणाऱ्यास हे सहसा स्वस्त पडते. ते घेताना जर्मनीसह अनेक देशांत पारपत्र दाखवून ओळख पटवावी लागते.

तिसरा मार्ग ई-सिमचा. यात कार्ड बसवावे लागत नाही. भारतात असतानाच ते फोनमध्ये नोंदविता येते. अनेक प्रवासी ई-सिमवर केवळ डेटा मिळतो, दूरध्वनी क्रमांक मिळत नाही. देशांच्या यादीत स्वित्झर्लंड आहे काय, हे येथेही तपासावे.

वायफाय असेल तेथे इंटरनेटवरून बोलणे सर्वांत स्वस्त. केवळ आवाजाच्या कॉलला तासाला साधारण ३० ते ६० एमबी पुरतात, चित्रासह बोलल्यास त्याच्या कितीतरी पट डेटा लागतो. संयुक्त अरब अमिरातीसारख्या काही देशांत मात्र अशा कॉलवर निर्बंध आहेत.

निघण्यापूर्वीची तयारी

तेथील सिमकार्ड घेतले तरी भारतीय क्रमांक बंद करू नये. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. तो मिळाला नाही, तर स्वतःच्याच खात्यातील पैसे ऐन अडचणीच्या वेळी वापरता येत नाहीत. म्हणून त्या क्रमांकाची मुदत परतीच्या तारखेपुढे वाढवावी, निघण्यापूर्वीच रोमिंग सुरू करून घ्यावे आणि परदेशात त्यावरील डेटा रोमिंग बंद ठेवावे. परदेशात लघुसंदेश मिळण्यास आकार पडतो काय, हेही कंपनीस विचारावे. दुसरे सिमकार्ड घातल्यावर व्हॉट्सॲपने क्रमांक बदलण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा.

कॉल अन्यत्र वळविण्याची सोय चालू असेल, तर न घेतलेल्या कॉलचाही भुर्दंड पडू शकतो. ##००२# हा संकेत फिरवून ती रद्द करावी. सर्व क्रमांक +९१ या संकेतासह नोंदवून ठेवावेत. शहरांचे नकाशे वायफायवर आधीच उतरवून घ्यावेत. आप्तांचे व भारतीय दूतावासाचे क्रमांक कागदावरही लिहून ठेवावेत, कारण फोन हरविला तर त्यातील यादीही जाते. युरोपीय संघात ११२ हा आपत्कालीन क्रमांक सर्वत्र विनामूल्य आहे. भारतातही तोच असल्याने तो लक्षात ठेवणे सोपे जाते.

गावातील जबाबदारी

वयस्कर प्रवाशांना ही मांडणी एकट्याने करणे अवघड जाते. ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्रातील चालक, शिक्षक किंवा पंचायत सदस्य यांनी तासभर दिला, तर फोनमधील आवश्यक बदल करून देता येतील. शाळेतही एमबी, दर आणि दिवस यांचे हिशेब गणिताच्या तासाला घेता येतील. असा हिशेब शिकलेली मुलेच आजी-आजोबांना विमानतळावर निरोप देताना डेटा रोमिंग बंद आहे ना, हे पाहून देतील. मग आईवडिलांना मुलाच्या घरी पोहोचल्याची खुशाली कळविताना पैशांची धास्ती बाळगावी लागणार नाही.