गमावलेला विश्वास आणि संस्थेचे उत्तरदायित्व : वायडब्ल्यूसीएचा अनुभव

६.१ उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
१. सेवाभावी संस्थेत वंशभेद कोणत्या रूपाने टिकून राहतो, हे स्पष्ट करणे.
२. प्रवेश देणे आणि अधिकार देणे यांतील फरक सांगणे.
३. समाजाचा विश्वास परत मिळवण्याच्या मार्गांचे मूल्यमापन करणे.

६.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, एखादी संस्था उघडपणे अन्यायाची बाजू घेत असेल, तर तिच्याकडून कोणी न्यायाची अपेक्षा करीत नाही. परंतु सेवेचे आणि भगिनीभावाचे व्रत घेतलेली संस्थाच जेव्हा काही मुलींना दारातून परत पाठवते, तेव्हा अन्यायाबरोबर विश्वासभंगही घडतो. असा भंगलेला विश्वास पुन्हा जोडता येतो काय आणि तो कशाने जोडला जातो, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी आपण अमेरिकेतील ‘यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन’, म्हणजेच वायडब्ल्यूसीए, या संस्थेचा अनुभव अभ्यासणार आहोत.

६.३ अन्यायाचे स्वरूप

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील असंख्य तरुणी रोजगारासाठी शहरांत येऊ लागल्या. त्यांना सुरक्षित निवास, शिक्षण आणि सोबत मिळावी, हा वायडब्ल्यूसीएचा हेतू होता. मात्र ही सोय सर्वांना सारखी नव्हती. १८८९ मध्ये ओहायो राज्यातील डेटन येथे कृष्णवर्णीय स्त्रियांची पहिली स्वतंत्र शाखा निघाली. पुढे अनेक शहरांत अशा शाखा निघाल्या. परंतु त्या सामान्यतः गोऱ्या स्त्रियांच्या मध्यवर्ती मंडळाच्या अधीन असत. काम कृष्णवर्णीय स्त्रियांनी करायचे आणि निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचे, अशी ही व्यवस्था होती.

तिचा अनुभव डॉरथी हाइट यांनी बालपणीच घेतला. पिट्सबर्ग येथील वायडब्ल्यूसीएच्या तलावात पोहण्यासाठी गेल्या असता, कृष्णवर्णीय मुलींना येथे पोहता येणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वतंत्र शाखा भेदभावातून जन्मल्या, हे खरे. तरीही त्याच शाखांत कृष्णवर्णीय स्त्रियांनी सभा चालवल्या, निधी उभारला आणि नेतृत्व घडवले. त्यामुळे केवळ ‘वेगळे’ मोडून ‘एकत्र’ केल्याने न्याय होतोच, असे नाही. राष्ट्रीय मंडळात या शाखांचे काम पाहणाऱ्या ईव्हा बोल्स यांनी १९३२ मध्ये राजीनामा दिला. संस्थेच्या नव्या रचनेमुळे धोरण ठरवण्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांचा सहभाग घटेल, असा त्यांचा आक्षेप होता.

६.४ पुनर्बांधणीचे टप्पे

(अ) आत्मपरीक्षण : संस्थेने आपल्या स्थानिक शाखांतील वांशिक व्यवहारांची पाहणी करवली. ज्यूलिएट बेल आणि हेलन विल्किन्स यांनी केलेला हा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. विल्किन्स स्वतः कृष्णवर्णीय होत्या. ज्यांना अन्याय सोसावा लागला, त्यांच्यापैकीच एकीच्या हाती तपासणीचे काम होते, हे येथे महत्त्वाचे.

(आ) जाहीर बांधिलकी : १९४६ च्या राष्ट्रीय अधिवेशनात आंतरवांशिक सनद संमत झाली. तिने समावेशक संघटनेचे ध्येय स्वीकारले. परंतु स्थानिक शाखा स्वायत्त असल्याने सनद सर्वत्र एकाच वेळी अमलात आली नाही. अटलांटा येथील शाखेचे उपाहारगृह कृष्णवर्णीयांना खुले झाले ते १९६० मध्ये, म्हणजे सनदेनंतर १४ वर्षांनी. या मधल्या काळात दारावर थांबलेल्या मुलीला सनदेतील शब्दांचा काय उपयोग, हा प्रश्न टाळता येत नाही.

(इ) अधिकारांत सहभाग : १९६५ मध्ये वांशिक न्यायासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या संचालक झाल्या डॉरथी हाइट. १९६७ मध्ये हेलन विल्किन्स, ज्या आता हेलन क्लेटर या नावाने ओळखल्या जात होत्या, राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. या पदावरील त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री होत. जिला तलावाच्या काठावरून परत पाठवले, तिच्याच हाती आता संस्थेला जाब विचारण्याचे साधन आले.

६.५ १९७० : विश्वासाची अट

तरीही वरिष्ठ पदांवरील दोन नियुक्त्यांनी सामान्य सदस्येचा विश्वास आपोआप परत येत नाही. १९७० मध्ये ह्यूस्टन येथील राष्ट्रीय अधिवेशनापूर्वी कृष्णवर्णीय सदस्यांनी आपली स्वतंत्र परिषद घेतली. या संस्थेत आपले स्थान काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. त्यातून पुढे आलेला ठराव अधिवेशनाने स्वीकारला. वंशभेदाचे निर्मूलन हे आपले एकमेव अनिवार्य कर्तव्य, असे संस्थेने त्याद्वारे ठरवले.

१९४६ आणि १९७० यांतील फरक सूक्ष्म पण निर्णायक आहे. सनदेत मुख्य प्रश्न होता तो कृष्णवर्णीय स्त्रियांच्या समावेशाचा. १९७० मध्ये संस्थेचे मुख्य कार्य कोणते असावे, हे ठरवण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पहिल्यात त्या आतिथ्याच्या अधिकारी होत्या, दुसऱ्यात घराच्या.

६.६ सारांश

विश्वास हा संस्थेने स्वतःला बहाल करावयाचा सन्मान नव्हे. तो दुखावलेला समाज देतो, आणि नाकारूही शकतो. प्रामाणिक तपासणी, जाहीर बांधिलकी आणि अधिकारांची वाटणी हे त्याचे तीन टप्पे आपण पाहिले. पहिले दोन आवश्यक असले, तरी तिसऱ्यावाचून अपुरे राहतात. ठराव आणि अंमलबजावणी यांमधील काळाची किंमत ठराव करणारे देत नाहीत, ती अन्याय सोसणारे देतात. म्हणून कोणत्याही संस्थेचे मूल्यमापन करताना तिच्या घोषणेची तारीख आणि तिच्या कृतीची तारीख या दोन्ही पाहाव्यात.

६.७ आपली प्रगती तपासा

१. ईव्हा बोल्स यांच्या राजीनाम्यामागील भूमिका थोडक्यात स्पष्ट करा.
२. ‘प्रवेश म्हणजे समता नव्हे’ या विधानाची पाठाच्या आधारे चर्चा करा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील एखाद्या युवक संस्थेची घटना मिळवून वाचा. तिच्यातील समतेविषयीचे कलम आणि तिच्या कार्यकारिणीची प्रत्यक्ष रचना यांची तुलना २०० शब्दांत लिहा.