मिस्वाक आणि दातांवरचे कीटण

जुम्याची नमाज आटोपून आपण शहागंजच्या बाजूने बाहेर पडलो की रस्त्याच्या कडेला तसबीह, टोप्या आणि अत्तरांच्या शेजारी मिस्वाकच्या जुड्या मांडलेल्या दिसतात. पूर्वी उघड्या काड्या मिळत, आता त्या प्लास्टिकच्या वेष्टनात बंद असतात. माझ्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी अशी एक काडी गेली वीस वर्षे असते. तिचा मला थोडा अभिमानही होता, हे मान्य केले पाहिजे. मिस्वाक खिशात असणे आणि दात स्वच्छ असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर, एका दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्यावर उमगले.

हिरड्यांतून रक्त येते म्हणून गेलो होतो. डॉक्टरांनी माझ्या हाती एक छोटा आरसा दिला आणि खालच्या पुढच्या दातांची आतली, जिभेकडची बाजू दाखवली. तिथे पिवळट-तपकिरी रंगाची एक सलग भिंतच उभी होती. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, मी तर रोज मिस्वाक करतो." ते म्हणाले, "कशी करता, तेवढे दाखवा." मी खिशातली काडी काढून दाखवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "जिथे तुमची काडी पोचते तिथले दात उत्तम आहेत. हा दगड जिथे ती पोचतच नाही तिथला आहे."

त्या वाक्याने मला पुन्हा हदीसच्या ग्रंथांकडे वळवले. मिस्वाकविषयी आपण एक-दोन रिवायती ऐकून थांबतो; पण त्या एकत्र वाचल्या की एक पद्धतच समोर येते. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसचा आशय सर्वांना ठाऊक आहे : उम्मतवर भार पडेल अशी भीती नसती तर प्रेषित (सल्ल.) यांनी प्रत्येक नमाजच्या वेळी मिस्वाकचा हुकूम दिला असता. ह. आयेशा (रजि.) सांगतात की प्रेषित (सल्ल.) घरात आले की सर्वप्रथम मिस्वाक करीत. ह. हुजैफा (रजि.) सांगतात की रात्री उठल्यावर ते आपले मुख मिस्वाकने स्वच्छ करीत. ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांची रिवायत तर फार बोलकी आहे. त्यांनी प्रेषितांना पाहिले तेव्हा मिस्वाक जिभेवर होती आणि उलटी येताना निघावा तसा आवाज त्यांच्या मुखातून निघत होता. म्हणजे काडी जिभेच्या मागच्या भागापर्यंत पोचत होती. आणि विसालच्या वेळी ह. अब्दुर्रहमान बिन अबू बक्र (रजि.) यांच्या हातातील काडीकडे त्यांची नजर गेली, ह. आयेशांनी ती आपल्या दातांनी मऊ करून त्यांना दिली, हा प्रसंग ऐकताना कोणाचे मन भरून येत नाही?

यातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली, दिवसभरातील वारंवारता. दुसरी, संपूर्ण मुखाची सफाई. आपण काडी तोंडात धरून मशिदीच्या हौदापर्यंत चालतो, समोरच्या चार दातांवरून दोनदा फिरवतो आणि सुन्नत अदा झाली असे समजतो.

आता दातांवर प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. दात कितीही स्वच्छ केले तरी काही मिनिटांतच लाळेतील प्रथिनांचा एक अत्यंत पातळ थर त्यांवर बसतो. हा थर निरुपद्रवी असतो. पण त्यावर जंतू येऊन चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. सकाळी उठल्यावर जीभ दातांवरून फिरवली की जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो हाच. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. तो मऊ असतो, नुसत्या चूळ भरण्याने जात नाही. मात्र घासण्याने सहज निघतो. हे जंतू आपल्या खाण्यातील साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दात किडतात. हिरडीच्या कडेला साचलेल्या प्लाकमुळे हिरडी लाल होते, सुजते आणि घासताना रक्त येते.

हाच मऊ थर तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरू लागतात आणि तो दगडासारखा घट्ट होतो. हेच कीटण, डॉक्टरांच्या भाषेत टार्टर. घट्ट होण्याची ही क्रिया एक-दोन दिवसांतच सुरू होऊ शकते. एकदा थर घट्ट झाला की ब्रश, मिस्वाक, मंजन, कशानेही तो निघत नाही. शिवाय त्याचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने त्यावर नवा प्लाक अधिक सहजपणे बसतो.

कीटण सर्वाधिक कुठे साचते? खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. याचे कारण सोपे आहे : लाळग्रंथींच्या नळ्या नेमक्या तिथेच उघडतात. एक जिभेखाली, दुसरी गालाच्या आत वरच्या दाढेसमोर. माझी काडी या दोन्ही ठिकाणी कधीच गेली नव्हती.

आपल्या शहरात एक समज फार पक्का आहे. बोअरचे पाणी जड, त्यामुळे दातांवर थर बसतो. गीझरच्या कॉइलवर, हमामात आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरे क्षार जमताना आपण पाहतो, म्हणून तुलना सुचणे साहजिक आहे. परंतु दातांवरच्या कीटणातील क्षार प्रामुख्याने आपल्याच लाळेतून येतात, आणि प्लाक नसेल तर त्यांना बसायला जागाच मिळत नाही. पाण्याचा एक दोष दातांवर खरोखर दिसतो, तो फ्लोराइडच्या अतिरेकाचा. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातील किनवटकडच्या काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यात ते जास्त आढळते आणि लहानपणापासून ते पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग उमटतात. ते डाग दाताच्या घडणीतच असतात. ते कीटण नव्हे, आणि कितीही घासले तरी जात नाहीत. तशा मुलाला "नीट घासत नाहीस" म्हणून रागावणे अन्यायाचे आहे.

डेन्मार्कमधील आरहुस येथे हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांनी दात घासणे पूर्णपणे बंद केले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्याच हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत त्या पूर्ववत झाल्या. आपल्यासाठी यात दिलासा आणि इशारा दोन्ही आहे. सूज हिरडीपुरती असेपर्यंत ती परतवता येते. ती खाली हाडापर्यंत उतरली, ज्याला आपल्याकडे सर्रास पायोरिया म्हणतात, तर झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही आणि दात हलू लागतात. मधुमेह असणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे : साखर वाढली की हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांचा आजार बळावला की साखर आवरणे कठीण होते.

दिवसात पाच वेळा होणारी मिस्वाक या पार्श्वभूमीवर पाहावी. प्लाक घट्ट व्हायला ज्या सलग, अबाधित वेळेची गरज असते, तीच वेळ त्याला मिळत नाही. काडीचा गुणही आहेच. अरबीत अराक आणि आपल्याकडे पीलू म्हणतात त्या झाडाच्या मुळांत जंतूंना रोखणारी द्रव्ये आढळली आहेत, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1986 मध्ये जिथे ही परंपरा आहे तिथे मिस्वाकच्या वापराची शिफारस केली. आपल्या खेड्यांत कडुनिंबाची आणि बाभळीची काडी याच कामासाठी वापरली जाते. पीलू न मिळाल्यास तिने काम भागते. पण माझ्या मते काडीच्या रसायनशास्त्राचे आपण जरा जास्तच कौतुक करतो. प्लाक निघतो तो घासण्याने. न घासलेल्या जागी कोणत्याही द्रव्याचा चमत्कार घडत नाही.

काडी कशी वापरावी? टोकाची साल साधारण अर्धा इंच सोलावी, काडी वाळलेली असेल तर पाण्यात भिजत ठेवावी आणि तंतू मोकळे होऊन कुंचल्यासारखे होईपर्यंत चावावी. तंतू झिजले किंवा त्यांना वास येऊ लागला की तेवढे टोक कापून नवे तयार करावे. कित्येक लोक महिनाभर तेच काळवंडलेले टोक वापरतात. त्यात स्वच्छता कोणती? हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने घासावे. आडवे, जोर लावून घासल्याने हिरडी मागे सरकते. आता महत्त्वाची अडचण : ब्रशचे केस दांडीला काटकोनात असतात, मिस्वाकचे तंतू मात्र काडीच्याच दिशेने सरळ. त्यामुळे दाढांची मागची बाजू आणि दातांची आतली बाजू घासायला काडी तिरपी धरावी लागते, हात वळवावा लागतो, वेळ द्यावा लागतो. आठवड्यातून एकदा तरी आरशासमोर उभे राहून पाहावे.

मग ब्रश आणि पेस्ट वापरावी की नाही, हा प्रश्न तरुण मुले हमखास विचारतात, आणि कधीकधी घरातले वडीलधारे त्याला सुन्नतविरोधी ठरवून टाकतात. असा विरोध मला कुठे दिसत नाही. फजरपूर्वी आणि इशानंतर झोपण्याआधी मऊ केसांच्या ब्रशने, फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून दोन मिनिटे घासावे आणि दिवसभरातील वुजूंच्या वेळी मिस्वाक करावी. रात्रीचे घासणे टाळू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. लहान मुलाला पहिला दात येताच सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी.

दोन दातांमधली फट ना ब्रशने साफ होते ना काडीने. नान-कलियाच्या दावतीनंतर दातांत अडकलेले मटणाचे तंतू आठवा. आपल्याकडे खिलाल करण्याची रीत जुनी आहे. परंतु टाचणी, सेफ्टी पिन किंवा काडेपेटीतील काडी यांनी हिरडी जखमी होते. औषधांच्या दुकानात मिळणारा दातांचा धागा, म्हणजे फ्लॉस, हाच त्यावर योग्य उपाय.

आता मिश्रीविषयी लिहिणे भाग आहे, कारण त्याशिवाय हा लेख प्रामाणिक ठरणार नाही. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही पूड आपल्या घरांतील अनेक स्त्रिया दात घासण्याच्या नावाखाली लावतात. केंद्र सरकारने तंबाखूयुक्त पेस्ट व मंजनाच्या उत्पादनावर 1992 मध्ये बंदी घातली आणि 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोचणार? माझ्या अम्मी तीस वर्षे मिश्री लावत होत्या. दिवसातून तीनदा, चार वेळा. ठणका थांबतो म्हणून त्या तिला औषध मानत. हिरड्या मागे सरकल्या, मुळे उघडी पडली, आणि आम्ही मुले, त्यातला मी मिस्वाकवर दर्स देणारा, कधी त्यांच्या तोंडात डोकावलोही नाही. घरात मिश्री लावणारे कोणी असेल तर तोंडातील पांढरा चट्टा आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम यांकडे लक्ष ठेवावे आणि तातडीने तपासणी करून घ्यावी. तो कर्करोगाचा आरंभ असू शकतो.

एकदा जमलेले कीटण काढण्याचा मार्ग एकच : दंतवैद्याकडून स्केलिंग. लिंबू चोळल्याने दाताचे कवचच झिजते. मीठ आणि खायचा सोडा रगडल्याने कीटण निघत नाही. "साफ केल्यावर दात हलायला लागले, फटी पडल्या" अशी तक्रार ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की हाड आधीच झिजलेले असते आणि फट आधीच असते. तिच्यात भरलेला दगड निघाल्यावर ती दिसते. काही दिवस थंड पाणी झोंबते, मग ते थांबते. आपल्या शहरात 1982 पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, त्यामुळे खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही ही सबब निदान शहरवासीयांना उरत नाही.

दोन शरई प्रश्न हमखास विचारले जातात. गुस्लमध्ये हनफी मतानुसार संपूर्ण तोंडात पाणी पोचवणे फर्ज आहे, मग दातांवर कीटण असेल तर? पान खाणाऱ्यांच्या दातांवर घट्ट बसलेल्या चुन्याच्या थराबाबत फिकहच्या उर्दू ग्रंथांत चर्चा आढळते आणि जो थर काढताना इजा होईल त्याला सूट दिलेली दिसते. आपल्या बाबतीत शंका असेल तर विश्वासातील आलिमांना विचारावे. दुसरा प्रश्न रोजाचा. हनफी मतानुसार रोजात दिवसभर मिस्वाक करता येते. कोकणातील आपले शाफई बांधव दुपार कलल्यानंतर ती मकरूह मानतात. पेस्ट मात्र सहरीनंतर, वेळ संपण्यापूर्वीच वापरावी. स्केलिंगमध्ये रक्त आणि पाणी घशात जाण्याचा संभव असल्याने ते इफ्तारनंतर किंवा रमजानपूर्वी, शाबानमध्येच करून घ्यावे.

अम्मींना मी दवाखान्यात नेले तेव्हा खालचे चार दात काढावे लागले, उरलेले वाचले. मिश्रीचा डबा त्यांनी एका दिवसात सोडला नाही, चार महिने लागले. आता असरच्या वुजूला त्या मला हाक मारतात, काडीचे टोक चावण्याइतके दात त्यांना उरले नाहीत म्हणून. मी ते चावून, मऊ करून, धुऊन त्यांच्या हाती देतो.