पुळणीवर धावणाऱ्याचा गुडघा

प्रश्न : वय 24. मालगुंडच्या पुळणीवर रोज धावतो. उजवा गुडघा वारंवार दुखतो, सूज नाही. वाटी झिजली असेल काय? धावणे सोडावे?
— एक वाचक, मालगुंड

उत्तर : आपल्या वयात अशी वेदना झिजेची निदर्शक क्वचितच असते; बहुधा मांडीचे व कटीचे स्नायू दुर्बळ असताना श्रम एकाएकी वाढविल्याचा तो परिणाम होय. शिवाय पुळण समुद्राकडे उतरती असल्याने एकाच दिशेस धावणाऱ्याचा एक पाय सदैव खालच्या अंगास पडतो. तेव्हा ओहोटीला, ओल्या, घट्ट व सपाट वाळूवर, जाता-येता सारखेच आणि तूर्त निम्मेच अंतर धावावे, व भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसण्याचा व्यायाम दिवसाआड करावा. धावणे सोडण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र गुडघा सुजला, अडकला वा लचकू लागला, तर मालिश न करता रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात अस्थितज्ज्ञांस दाखवावे.