झोपेची वेळ कोणी ठरवावी?

घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. रात्रीचे अकरा वाजले. तो अंथरुणात मोबाईल पाहत पडला आहे. आई म्हणते, "बाबू, झोप ना आता." मुलगा म्हणतो, "मले झोपच येत नाही." बाप म्हणतो, "तुले मोबाईलचा नाद लागला." सकाळी मुलगा उठत नाही. एस.टी. निघून जाते. मग पुन्हा भांडण.

अशा मुलाची झोपेची वेळ आईबापांनी ठरवावी काय? काही जण म्हणतात, "ठरवावीच. घराला शिस्त पाहिजे." काही म्हणतात, "पोरगा मोठा झाला. त्याचे त्याला कळते." आपण दोन्ही बाजूंनी विचार करू.

पहिली गोष्ट. झोप येत नाही असे मुलगा म्हणतो, ते अगदी खोटे नसते. वयात येताना आवाज फुटतो, उंची वाढते. तशी झोपेची वेळही पुढे सरकते. अंधार पडला की मेंदूत एक द्रव्य तयार होते. ते शरीराला सांगते, "आता नीज." या वयात ही सूचना तास-दोन तास उशिरा मिळते. त्यात डोळ्यांपुढे मोबाईलचा उजेड असला, तर आणखी उशीर होतो. म्हणून दहावीच्या मुलाला आठ वाजता निजवले, तर तो नुसता कूस बदलत राहील.

दुसरी गोष्ट. झोप उशिरा येते, पण ती लागते भरपूर. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. झोप कमी पडली तर वाचलेले ध्यानात राहत नाही. मूल चिडचिड करते. वर्गात पेंगते.

मुलांची झोप पुरी होत नाही, म्हणून महाराष्ट्र सरकारने २०२४ साली चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असे ठरवले. पण मोठ्या मुलांसाठी तो नियम नाही. त्यांची काळजी घरानेच घ्यायची.

म्हणून वेळ ठरवावी. पण ती हुकमाने ठरवू नये. मुलाला जवळ बसवा आणि हिशेब करा. सकाळी साडेपाचला उठायचे आहे. त्यातून ८ तास मागे मोजा. रात्रीचे साडेनऊ आले. हा हिशेब मुलालाच करू द्या. स्वतः केलेला हिशेब माणूस सहसा मोडत नाही.

आता तिसरी गोष्ट. नियम करायचा तर साऱ्या घराला करावा. गांधीजी १९३६ साली आपल्या सेवाग्रामला राहायला आले. त्यापूर्वी ते साबरमती आश्रमात राहत असत. तेथे पहाटे ४ ला उठण्याची घंटा होई आणि रात्री ९ ला झोपण्याची. वाढत्या वयाला एवढी झोप कमी पडते, हे आज आपल्याला कळते. तास आपण जास्त धरू. पण ती घंटा साऱ्या आश्रमासाठी होती, हे ध्यानात ठेवू.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असेच केले. संध्याकाळी ७ ला भोंगा वाजे. मग दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनीही मोबाईल ठेवून द्यायचा. बाप बाजेवर मोबाईल पाहत पडला आणि मुलाला म्हणाला, "झोप," तर मुलगा कसा ऐकेल?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुलगा मोबाईलपायी जागतो, ते आपल्याला दिसते. पण मुलगी का जागते? सर्वांची जेवणे झाली की ती भांडी घासते. मग पुस्तक उघडते. पहाटे पाणी भरायला तीच आधी उठते. तिला झोपेची वेळ ठरवून देऊन काय उपयोग? आधी तिचे काम वाटून घ्यावे लागेल. भांडी भावाने घासावी. पाणी बापाने भरावे. तसेच शाळकरी मुलाला रात्री जागलीला किंवा ओलिताला धाडू नये. रात्रभर जागलेले पोर सकाळी शाळेत काय शिकणार?

मुलांची झोप हा आळस नव्हे. पिकाला जसे वेळेवर पाणी, तशी वाढत्या देहाला झोप. ती मिळेल अशी व्यवस्था करणे आईबापांचे काम आहे. ती वेळ पाळणे मुलांचे काम आहे.

विचार करा व सांगा

१. तुमच्या घरात सर्वांत उशिरा कोण झोपते? का?
२. तुमची मुले किती वाजता उठतात? त्यातून ८ तास मागे मोजा.
३. रात्री मोबाईल कोठे ठेवाल? मोठ्यांचे मोबाईलही तेथेच ठेवाल काय?
४. मुलीचे कोणते काम घरातील दुसरे कोणी करू शकेल?