नाचणी गाळू नकोस

सूनबाई, डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली असेल तर जरूर घे. फक्त लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस. दोन्हींत काही तासांचं अंतर असू दे, नाहीतर लोह नीट अंगी लागत नाही. पण गोळी सुरू आहे म्हणून ताटाकडे दुर्लक्ष करू नकोस. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बरंचसं आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

नाचणीच घे. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तांदूळ-गहू तिच्या जवळपासही येत नाहीत. पण त्यातलं बरंचसं तिच्या तांबड्या सालीत असतं. सत्त्व पांढरं दिसावं म्हणून फडक्यातून गाळलं, की चोथ्याबरोबर तेही गेलं. लहानग्या बाळासाठी गाळणं ठीक, आपल्यासाठी नको. नाचणी रात्रभर भिजव, निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेव. पांढरे बारीक मोड दिसले की सावलीत खडखडीत वाळव, मंद आचेवर खमंग भाज आणि दळून आण. पीठ चाळायचं नाही. मोड आल्यावर धान्यातलं, कॅल्शियमला अडवणारं फायटेट कमी होतं, म्हणून कॅल्शियम जास्त अंगी लागतं. याच पिठाची आंबील कर: रात्री ताकात कालवून ठेव, सकाळी उकळत्या पाण्यात हळूहळू सोड आणि हात थांबवू नकोस, नाहीतर गुठळ्या होतात. वरून जिरं, ठेचलेला लसूण. मीठ बेताचंच, कारण जास्त मीठ खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियम जातं. पापड-लोणच्यांनाही हेच लागू.

तीळ पॉलिश न केलेले आण आणि कूट करून वापर. अख्खे तीळ पुष्कळदा तसेच पोटातून निघून जातात. पालक चांगला, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला कर. मांदेली कुरकुरीत तळलीस तर काट्यासकट खाऊ दे सगळ्यांना. दूध-दही तर रोजचंच.

कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण कॅल्शियम शोषायला जे ड जीवनसत्त्व लागतं, ते बनवणारे किरण त्यात फार थोडे. अकरा ते दोनच्या दरम्यान हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीवर जा. खिडकीच्या काचेआडचं ऊन यासाठी उपयोगाचं नाही. हाडं बळकट व्हायला नातीला खेळायला सोड, दोरीवरच्या उड्या मारू दे. हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंतच भरतो, पुढे तो सांभाळायचा असतो.

आणि तुझ्या आईचं. साधं पाय घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं म्हणून विषय संपवू नकोस. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं, तर हाडं ठिसूळ झाल्याची शंका घ्यावीच. पाळी थांबल्यावर सुरुवातीच्या वर्षांत हाडं भराभर झिजतात, आणि कॅल्शियमची गरज 1200 मिलिग्रॅमवर जाते. विहीणबाई स्वतःहून दवाखान्यात जायच्या नाहीत. याच महिन्यात तू त्यांना घेऊन जा आणि हाडांची घनता मोजून घे.