दहा वर्षांचा आलेख अपुरा

प्रश्न : नववीच्या मुलांनी गावच्या दहा वर्षांच्या तापमानाचा आलेख काढला. रेषा खाली उतरते! मग तापमानवाढ खोटी का, असं मुलं विचारतात. काय सांगू?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, मुलांचं गणित चुकलेलं नाही, कालावधी अपुरा आहे. प्रशांत महासागराचं पाणी तापवणाऱ्या एल निनोचं एखादं वर्षही इतकी छोटी रेषा कलवतं. अशाच एल निनोच्या १९९८पासूनची मोजकीच वर्षं घेतली, तर जगाची तापमानवाढही थांबल्यासारखी दिसते. म्हणून हवामानाची सरासरी ३० वर्षांची धरतात. नासाची १८८०पासूनची जागतिक आकडेवारी मोफत मिळते. तीत थेट तापमान नसतं, १९५१ ते १९८०च्या सरासरीपासूनचा फरक असतो. हे आधी समजवा. मग प्रत्येक गटाला वेगळी दहा वर्षं द्या आणि आलेख शेजारी लावा. स्थानिक आलेख काढताना मात्र मुंबईतल्या कुलाबा आणि सांताक्रूझसारख्या दोन वेगळ्या जागच्या केंद्रांच्या नोंदी एकाच रेषेत जोडू नका.